कतरणीची बरणी

नाट्यगृहाच्या हमालांनी आरशाची चौकट समोरच्या खोलीत दोन घडवंच्यांवर उताणी ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता ते निघून गेले. नेहमी दारात टेकून चार गोष्टी करणारी माणसं. आज त्यांनी नजरेला नजर दिली नाही, याचाच आईला पहिला धसका बसला.

विचारायची सोय नव्हती. तिचं मौन चालू होतं. भांड्यांच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा होईपर्यंत ती शब्द काढत नसे. धाकट्याच्या वेळी जीव वाचला तेव्हापासूनचा नेम, आणि आता धाकटा स्वतःच त्या कारखान्यात भांड्यांना विजेवर मुलामा चढवायला जात होता. घरात यावरून थट्टा चालायची. ताई म्हणायची, आईचं तोंड उघडायला देवाने पगारी माणूस ठेवलाय.

चौकटीचा खालचा उजवा कोपरा हिरवा पडला होता. वेलीची शेवटची तीन पानं आणि त्याखालची पट्टी, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा. बाकी सगळी चौकट लखलखत होती, म्हणून तो कोपरा जास्तच डोळ्यांत खुपत होता.

थोरला वाकला. त्याने नखाने पानाची कड खरवडली, नख उजेडात धरलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "पितळ आहे."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. सोनं हिरवं पडत नाही, एवढं या घरातल्या रांगत्या पोरालाही कळलं असतं. गल्लीत त्यांना मुलामेवाले म्हणत, आणि बाबांना त्या नावाचा राग होता. लोक मुलामा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात आत एक आणि बाहेर एक असं काहीतरी असतं, असं ते म्हणायचे. अमक्याच्या बोलण्याला मुलामा आहे, तमक्याच्या मायेला मुलामा आहे. आपला धंदा काय लपवाछपवीचा आहे का? उलट सोन्याइतकं चहाडखोर काही नाही. खाली लाकडाला केसाएवढा चरा राहिला तर वर्ख लावल्यावर तो दहा हातांवरून दिसतो. म्हणून तर खडू आणि सरसाचे लेपांवर लेप द्यायचे, घासायचे, मग तांबडी माती लावायची, ती तळहातासारखी मऊ करायची, आणि मग कुठे सोनं.

आज बाबा चौकटीजवळही आले नाहीत. खुर्चीत बसून होते. हात पंचाच्या घडीखाली.

आईने मनातल्या मनात नाम धरलं. ते दोनदा सुटलं.

*

थोरल्याच्या डोक्यात कालपासून एकच वाक्य घोळत होतं. नाट्यगृहाचे व्यवस्थापक त्याला फाटकात भेटले होते, तिकीट खिडकीपाशी रांग होती, आणि त्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले होते, तुमच्या घराला मुलामा द्यायला छान जमतं हो. लोक हसले होते. उद्या दुपारी येतो, म्हणाले, कोणी केलं ते सांगा, मग कमानीचं काय ते बघू.

कमान म्हणजे रंगमंचाची कमान. ते काम मिळणार म्हणून थोरल्याने नवी शिडीसुद्धा करून घेतली होती.

तो चौकटीभोवती फिरला. खिडकीचं एक दार लोटून त्याने उजेड तिरपा केला आणि गाल जवळजवळ लाकडाला टेकवून सबंध कडेवरून नजर फिरवली. वर्खाचे चौकोन एकमेकांवर किंचित चढतात, तिथे एक बारीक रेघ राहते. वरच्या, खालच्या आणि डावीकडच्या बाजूला त्या रेघा जवळजवळ होत्या. उजवीकडे लांब लांब. पितळी वर्खाचं पान सोन्याच्या पानापेक्षा मोठं असतं. म्हणजे एक कोपरा नव्हे, अख्खी उजवी बाजू पितळेची होती. नाट्यगृहाची झाडणारी बाई खालचा कोपरा रोज ओल्या फडक्याने पुसत असणार. तिथलं रोगण गेलं आणि पितळ उघडं पडलं. बाकीचं अजून झाकलेलं होतं इतकंच.

ही चौकट दोघांनी केली होती. बाबांनी आणि धाकट्या सुनेने. कोणी कुठली बाजू, ते विचारायचं नाही. आजोबांपासूनचा दंडक होता तो. काम घराबाहेर गेलं की हात एकच, घराचा. शिवाय वर्खाच्या खोलीत एका वेळी एकच माणूस बसे. पंखा नाही, खिडकी बंद, दाराला जाड पडदा. सोन्याचं पान एवढं हलकं की दुसऱ्या माणसाच्या श्वासानेही उडून जाई. त्यामुळे आत कोण काय करतं ते कोणी बघितलेलं नसे.

पण बाबांनी पितळेला हात लावला असेल, हे थोरल्याच्या मनाला शिवलंही नाही. त्याने स्वस्त तसबिरींसाठी पितळी वर्ख दुकानात आणला तेव्हा बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. मग उरलं कोण?

धाकटीशी तो कधी सरळ बोलत नसे. आताही तो भिंतीकडे बघून बोलला. सोन्याच्या वर्खाच्या गड्ड्या कपाटातून मोजून निघाल्या होत्या, त्या गेल्या कुठे, हे कोणीतरी तिला विचारा. धाकटा जातो त्या कारखान्यात मुलाम्याला सोनं रोज लागतं. तिथे कोण विचारतं कुठून आलं म्हणून?

धाकटी दाराशी उभी होती, मनगटापर्यंत तांबडी माती लागलेली. तिने ते ऐकलं आणि हात पदराला पुसले. पदर लाल झाला.

"मला विचारा ना, भाऊजी," ती म्हणाली. "भिंतीला काय ठाऊक?"

*

ताई आली तेव्हा तिला जिन्यातच कळलं की आत कोणीतरी कोणालातरी बोललं आहे. सासरी राहूनही या घरातली शांतता तिला अंतरावरून ओळखता यायची. दोन्ही भाऊ तिला चौकशी खातं म्हणत. ती ते कौतुक समजत असे.

थोरल्याने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऐकताना ती मान डोलवत होती, कारण धाकटी तिला पहिल्यापासून पचली नव्हती. लेकीला कधी वर्खाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही बाबांनी. मुलींचे केस उडतात, बांगड्या वाजतात, लग्न होऊन जाणार, शिकवून काय करायचं, अशी कारणं. आणि ही परक्या घरातून आली, पहिल्या वर्षी माती कालवायला लागली, दुसऱ्या वर्षी घोटायला, आणि आता बाबा म्हणत, हिचा हात माझ्या बापासारखा आहे. ताईने ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

"तरी मी म्हणतच होते," ती सुरुवातीला म्हणाली.

पण ताईचा संशय असा होता की तो एका जागी फार वेळ बसत नसे. चौकटीला एक फेरी घालून ती थोरल्यासमोर उभी राहिली. गड्ड्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? त्याच्याकडे. पितळी वर्ख घरात आणला कोणी? त्यानेच. आणि शिडी कोणी करून घेतली, कमानीचं काम लागायच्या आधी?

"शिडीचा काय संबंध?" थोरला म्हणाला.

"संबंध नसेल तर तुझा आवाज का चढला, दादा?"

त्यावर थोरला बरंच बोलला. दुकान कोण चालवतं, गिऱ्हाइकाच्या शिव्या कोण खातं, बाबांनी नाही म्हटलेल्या तसबिरींवर घरात दिवा कसा लागतो, हे सगळं. ताईने ते जुनं गाणं म्हणून ऐकून घेतलं. मग दोघांनाही एकदम जाणवलं की आपण धाकटीसमोर भांडतोय, आणि दोघं पुन्हा एक झाले. थोरला म्हणाला, चोरी असो वा नसो, दुपारी तो माणूस दारात उभा राहील आणि त्याला एक नाव द्यावं लागेल. नाव दिलं तर दंडक मोडेल. नाही दिलं तर सगळं घर चोर. त्यापेक्षा धाकटीने उद्यापासून वर्खाच्या खोलीत पाऊल टाकू नये. चौकट आम्ही पुन्हा करून देतो, त्या हाताला कामावरून काढलंय, असं सांगता येईल.

ताईला हे पटलं. इतकं पटलं की तिला स्वतःचीच थोडी शंका आली.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हो-नाहीवर होतं. बाबा खिडकीकडे बघत होते. "बघा काय ते," ते म्हणाले.

आईने चटकन मान वर केली. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

*

धाकटी वर्खाच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली आणि पडदा नुसताच हातात धरून उभी राहिली. आत चामड्याची छोटी गादी होती, तिच्यावर वर्ख कापायची सुरी, अकिकाची घोटणी, खारीच्या केसांचा चपटा कुंचला. माहेरी तिला कोणी कधी कशाला हात लावू दिला नव्हता, सांडशील म्हणून. इथे पहिल्यांदा तिने तो कुंचला गालावरून फिरवला, गालाच्या तेलकटपणाला सोन्याचं पान अलगद चिकटून वर आलं, आणि ओल्या मातीजवळ नेताच मातीने ते स्वतःहून ओढून घेतलं. बाबा उंबऱ्यापलीकडून म्हणाले होते, आता श्वास सोड. तोवर आपण श्वास धरलाय हेच तिला कळलं नव्हतं.

ही खोली गेली तर उरलं काय? भांडी, कपडे, आणि जिन्यावर चढता-उतरता लोकांचे डोळे. नवरा संध्याकाळी येईल, ऐकून घेईल, आणि जाऊ दे म्हणेल. तो चांगला होता, पण त्याचं सगळं जाऊ दे वर संपायचं.

तिलाही संशय होता. सकाळपासून ती मनात थोरल्या दिरालाच दोषी धरून बसली होती. किल्ली त्यांची, पितळ त्यांचं. पण एक गोष्ट जुळत नव्हती. उजवी बाजू बाबांची होती. ते तिला ठाऊक होतं आणि तिने ते सांगायचं नव्हतं. बाबा आत असताना दिराने पितळ लावलं असेल कधी? अलीकडे तर बाबा पडदा आतून अडकवून घ्यायचे. तिला सांगायचे, तू बाहेर घोटत बस, मला खोकल्याचं भय वाटतं, दाराशी कोणाचा वारा नको. त्या वेळी तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मागे काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

आई देवाच्या कोनाड्यापासून आली होती. चौकटीच्या मधोमध, जिथे आरसा असतो त्या पोकळीतल्या फळीवर, तिने काचेची बरणी ठेवली. कतरणीची बरणी. रोज संध्याकाळी वर्खाची खोली झाडायचं काम आईचं. पिसाने जमिनीवरचे, गादीवरचे सोन्याचे तुकडे गोळा करायचे, फाटलेली पानं, उडालेल्या कडा, आणि बरणीत टाकायचे. पुढे कधीतरी ते गाळून परत सोनं होई. तुकडे इतके पातळ की बरणी अर्धी व्हायला पिढी जायची. थोरल्याच्या लहानपणी तिचा तळ जेमतेम झाकलेला होता.

आता ती गळ्यापर्यंत भरली होती.

ताईने झाकण काढलं आणि लगेच तोंडावर हात धरला, श्वासाने उडेल म्हणून. तेवढं तिलाही येत होतं.

सोनं घरातच होतं. ते चोरीला गेलंच नव्हतं. खोलीत क्षणभर सगळे हलके झाले. आईने धाकटीकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले. झालं, तुझ्यावरचा आळ गेला, असा त्याचा अर्थ असावा.

मग थोरला सावकाश म्हणाला, "म्हणजे पानं फाटत होती. गड्डीच्या गड्डी फाटत होती." त्याला हे आवडायला लागलं होतं. यात चोरी नव्हती, किल्ली नव्हती, शिडी नव्हती. कच्चा हात होता. पानं वाया घालवली, सांगायची लाज वाटली, आणि जाड पितळ घेऊन उरलेली बाजू झाकून टाकली. पितळ काय, बोटाने उचलून लावता येतं. शिकाऊ माणसाचं होतं असं. तो पहिल्यांदा धाकटीकडे बघून, जवळजवळ मायेने बोलला. चोर म्हणालो ते माझं चुकलं. पण आता खोलीत जाऊ नकोस.

धाकटीने बरणीकडे पाहिलं, आणि मग बाबांकडे.

बाबांचे हात अजून पंचाखाली होते. सकाळपासून होते. पंचाची घडी हलत होती. वारा नव्हता. खिडकी तर थोरल्याने लोटलेली.

तिला सगळं एकदम कळलं, आणि कळू नये असं वाटलं. अडकवलेला पडदा. खोकला. त्या पडद्याआड एक माणूस गालावर कुंचला फिरवतो, पान उचलतो, आणि ते मातीपर्यंत पोचत नाही. पुन्हा उचलतो. आणि ज्या पितळाला त्याने आयुष्यभर नावं ठेवली, ते शेवटी हाताला धरता येतं म्हणून घेतो. दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन सुनेला सांगतो, तुझा हात माझ्या बापासारखा आहे.

"हो," धाकटी म्हणाली. "माझ्याच हातून फाटली."

बाबा तिच्याकडे वळले नाहीत. पण पंचाची घडी थांबली.

*

हे असं होईल हे आईच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने बरणी आणली ती सुनेला सोडवायला, आणि त्याच बरणीने सूनच पुन्हा बांधली गेली.

खोली कोण झाडतं? तीच. बाबा उठून गेल्यावर गादीखाली किती तुकडे असत आणि धाकटी उठून गेल्यावर किती, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक? महिनोन्महिने तिने ते पिसावर गोळा केले होते. वय झालंय, असं म्हणून बरणीत टाकले होते. पितळाचं मात्र तिला आज कळलं. सांगायचं असतं तर भोंग्यानंतरचा सगळा दिवस मोकळा होता. पण नवऱ्याचे हात कापतात, हे वाक्य तिला दुपारीही उच्चारता आलं नव्हतं आणि रात्रीही. मौन सकाळचं होतं, पण ते तिने चोवीस तास पाळलं होतं. देवाला हा नेम कसा दिसला असेल, असं तिच्या मनात आलं.

सगळं मिटल्यात जमा होतं. थोरला व्यवस्थापकांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होता. मिटलं नाही ते ताईमुळे.

ताई धाकटीकडे टक लावून बघत होती. दुसऱ्याने आळ घेतला की घरच्या माणसांना बरं वाटतं, ताईला मात्र तिथेच खाजायला लागे. दादाला भिंतीला काय ठाऊक म्हणून उलट बोललेली बाई एकदम हो कशी म्हणते?

"एक पान लावून दाखव," ती म्हणाली. "आत्ता. आमच्यासमोर."

"आत्ता नको," बाबा म्हणाले. एकदम, मोठ्याने. "माणूस यायची वेळ झालीय."

"एका पानाला किती वेळ लागतो, बाबा? तुम्हीच सांगता ना, श्वास धरावा एवढाच."

थोरला वैतागला. कबूल केलंय ना तिने, आता कशाला नाटकं, असं त्याचं म्हणणं. पण ताईने पडदा बाजूला सारून खिळ्याला अडकवूनसुद्धा टाकला होता. आत बाकावर मातीचा हात दिलेली एक लहान पट्टी तयार होती, सकाळीच धाकटीने घोटून ठेवलेली. सगळे दारात आले, आणि सवयीने सगळ्यांनी श्वास बारीक केले. बाबाही उठून आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

धाकटी बसली. गड्डीतून एक पान गादीवर आलं आणि लाटेसारखं हललं. तिने वरून हलकी फुंकर मारली, ते सपाट झालं. फुंकर अगदी नेमकी होती. आईने ते पाहिलं, ताईनेही पाहिलं. धाकटीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर तिची बोटं जड झाली. पट्टीवर पाण्याचा हात द्यायला तिने नको इतका वेळ लावला. कुंचला गालावरून फिरवताना तो तिने दोनदा फिरवला, मग तिसऱ्यांदा. तेल जास्त झालं की पान केसांना धरून बसतं आणि उतरताना फाटतं. हे तिला या खोलीत पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं.

ती पान फाडणार होती. स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून. एवढ्यासाठी की दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी काही विचारू नये. आणि उद्यापासून ती या खोलीत नसणार.

आईने बाबांकडे पाहिलं. ते बघत होते आणि तिला अडवत नव्हते. त्यांच्या ओठांच्या कडेला इतकी लाचार आशा होती की आईला तिकडे बघवेना. चाळीस वर्षं ज्या माणसाने सोन्याखाली केसाएवढा चरा राहू दिला नाही, तो स्वतःखाली एवढं मोठं भगदाड झाकून घ्यायला उभा होता.

कारखान्याचा भोंगा अजून झाला नव्हता.

"नीट लाव," आई म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता, मऊ. पण सकाळच्या वेळी तो या घरात कोणी ऐकलेला नव्हता. थोरल्याने दचकून कारखान्याच्या दिशेने कान दिला, जणू भोंगा आपल्यालाच चुकला. ताईचा हात पडद्यावरच राहिला.

धाकटीने मान वळवली नाही. कुंचला खाली ठेवला, पदराच्या कोरड्या बाजूने गाल पुसला, कुंचला झटकला, पुन्हा एकदाच गालावरून नेला. पान उचललं. ते तिच्या हातात थरथरलंही नाही. ओल्या मातीशी पोचताच ते आपण होऊन खाली गेलं आणि पट्टीवर बसलं, एक सुरकुती नाही, एक फट नाही. तिने श्वास सोडला. मग सगळ्यांनी सोडला.

कोणी बाबांकडे बघत नव्हतं. न बघण्याची एवढी धडपड चालली होती की ते बघण्यासारखंच झालं.

"सरक," बाबा सुनेला म्हणाले.

ते बाकावर बसले. पंचा खांद्यावर टाकला आणि हात उजेडात ठेवले. थोरल्याने ते हात पाहिले आणि एक पाऊल पुढे आला, मग थांबला. बाबांनी कुंचला घेतला, दाढीच्या खुंटांवरून गालावर नेला, पान उचललं. बाकापासून पट्टीपर्यंत वीतभर अंतर. त्या वीतभर अंतरात पान दुमडलं, चिरलं, छातीतून एक ढास आली आणि उरलेलं हवेत उडालं. ते सावकाश खाली आलं. काही गादीवर, काही पंचावर, एक मोठा तुकडा त्यांच्याच गालावर बसला.

"पितळ बरं असतं," ते म्हणाले. "ऐकतं."

थोरला काहीतरी बोलायला गेला. बाबांनी हात वर केला आणि त्याला तसाच गप्प केला. ताई रडत नव्हती, पण तिने पडदा खिळ्यावरून काढला आणि पुन्हा लावायचा प्रयत्न करत राहिली, जणू आता झाकून टाकता येईल.

भोंगा झाला. त्याच्या शेवटाशी जिन्यात बुटांचा आवाज आला.

व्यवस्थापक दारातूनच बोलत आत आले. चौकट बघितली ना, मग काय ठरलं, मंडळाला नाव द्यायचंय, हात कोणाचा होता. थोरला पुढे झाला. आम्ही घराचा हात म्हणतो, साहेब, असं काहीतरी त्याने सुरू केलं, आणि आता त्यात कोणाचाही आळ नव्हता. तो बापाला झाकत होता.

"उजवी बाजू माझी," बाबा म्हणाले. ते वर्खाच्या खोलीच्या दारात उभे होते. "बाकीची सगळी सुनेची. ती बघून घ्या, तिच्यात काही सापडायचं नाही. माझी ती उतरवून पुन्हा करेल. कमानीचं काम द्यायचं तर तिला द्या, नाहीतर दुसऱ्याला द्या."

व्यवस्थापक त्यांच्या गालाकडे बघत होते. तिथे अजून सोनं चिकटलेलं होतं आणि पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते टोमणा मारायला आले होते, पण तो तोंडातच राहिला. मंडळाला विचारतो, एवढं बोलून ते गेले. बूट जिन्यावरून उतरत असताना थोरल्याच्या मनात आलं की आता हा माणूस फाटकात काय सांगेल. मग त्याला आठवलं की जे सांगेल ते खरं असेल, आणि त्याला विचित्रच हायसं वाटलं.

आईला आता बोलायला मोकळीक होती. पण त्या दिवशी ती दिवेलागणीनंतरही बोलली नाही. मोडलेला नेम तिने दुसऱ्या टोकाने भरून काढला.

धाकटीने फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि चौकटीच्या हिरव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पितळ निघायला लागलं, हिरवं, मग मळकं पिवळं. त्याखाली तांबडी माती आली. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग फडकं ठेवून सबंध तळवा फिरवला. पानांच्या शिरा, पट्टीची कड, वेलीची सगळ्यात आतली खोबण, कुठे कण लागत नव्हता, कुठे चरा नव्हता. हा लेप बाबांच्या त्याच हातांनी दिलेला होता. मातीवर हात कापला तरी चालतो, तिला घाई नसते.

"बाबा," ती म्हणाली, "खालचं काही काढावं लागणार नाही. याच्यावरच लावता येईल."

बाबा खुर्चीत येऊन बसले होते. त्यांनी लांबूनच त्या तांबड्या कोपऱ्याकडे बघितलं.

"मग लाव," ते म्हणाले.

ताई पडदा लावून झाल्यावर तिथून हलली नाही. उंबऱ्यावरच उभी राहून तिने धाकटीला विचारलं, माती कालवायला पाणी किती घेतेस ते दाखवशील का. धाकटीने तिच्या बांगड्यांकडे पाहिलं. ताईने त्या एकेक करून काढल्या आणि आईच्या हातात दिल्या.